गॅरेजमागचा ढीग

माझी व्हॅन सुरू व्हायची बंद झाली त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली होती, की परदेशात कुणीतरी पाण्यावर चालणारी गाडी बनवली आहे. गॅरेजच्या बाकड्यावर बसून निवृत्त गुरुजींनी ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि आम्ही सगळे हसत सुटलो. गावात टँकर चार दिवसांआड येत होता. "हितं माणसाला प्यायला न्हाई, गाडीला कुठून पाजायचं?" मिस्त्री बॉनेटखालूनच बोलला.

नांदूरघाटाकडच्या त्या गावात मी जनावरांच्या दवाखान्यात होतो. कागदावर पर्यवेक्षक, गावासाठी डॉक्टर. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या महिनाभरात परत आल्या, कारण तोडायला ऊसच नव्हता. गाव उभं होतं ते दुधावर. सकाळ-संध्याकाळ सहकारी दूध संस्थेच्या ओट्यावर कॅनची रांग लागायची. संस्थेचे सचिव दूध घालून घेतलं की थेट गॅरेजच्या बाकड्यावर येऊन बसायचे. तिथं पेपर यायचा, चहा यायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत दिलं जायचं. मोबाइलच्या टॉवरमुळं चिमण्या मेल्या. विमानातून मीठ फवारलं की पाऊस पडतो, पण पुढारी ते विमान स्वतःच्याच तालुक्यावरून नेतात. गुरुजींचं मत सगळ्यात ठाम असायचं. माझंही काही कमी ठाम नसायचं.

त्या दिवशी मिस्त्रीनं सेल्फ मारून पाहिला. नुसतं टक् टक् वाजलं.

"बॅटरी बसलीय, डाक्टर. नवीच टाकावी लागल."

त्यानं नवी बॅटरी बसवली. जुनी उचलून तो गॅरेजच्या कडेला गेला, उपडी केली, आतलं ॲसिड तिथल्या फरशीवर ओतलं. ते फेसाळत बाकड्याच्या दिशेनं आलं. चपला खराब होऊ नयेत म्हणून मी पाय वर घेतले. गुरुजींनीही घेतले. पाय वर घेऊन आम्ही दोघं पुढची बातमी वाचत राहिलो. मिस्त्रीनं कुऱ्हाडीनं बॅटरीचं खोकं फोडलं, त्यातल्या शिशाच्या बऱ्यापैकी प्लेटा भंगारवाल्यासाठी पोत्यात भरल्या आणि बाकीचा चुरा, फुटकी खोकी, जळालेल्या ऑइलनं भिजलेल्या चिंध्या मागच्या ओढ्यात फेकल्या. ओढा कोरडाच होता. तिथं असा ढीग वर्षानुवर्षं होता. तो मी रोज बघत होतो, आणि मी जनावरांचा डॉक्टर होतो.

पुढं पंधरा दिवसांनी ओढ्यापलीकडची एक बाई दवाखान्यात आली. चाळिशीची असेल. पंधरा-सोळा हंगाम तिनं उसाच्या फडात काढले होते. नवरा पुण्यात वॉचमन म्हणून गेला होता आणि ती दोन संकरित गाईंवर घर चालवत होती. एक काळी-पांढरी, एक तांबडी.

"डाक्टरसाहेब, काळीला दिसना झालंय. भितीला डोकं लावून हुबी हाय सकाळधरनं."

मी गेलो. गाय खरंच गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकवून उभी होती, जणू भिंत ढकलून पलीकडं जायचंय. दात करकरा खात होती. तोंडातून फेस गळत होता. डोळ्यासमोर हात हलवला तरी पापणी हलत नव्हती. मध्येच सगळं अंग थरथरायचं. मला पहिली शंका आली ती कुत्रं चावल्याची. गाय पिसाळली असेल म्हणून मी तोंडात हात घातला नाही, लांबूनच दोन इंजेक्शनं दिली आणि बाईला जवळ जाऊ नको म्हणून बजावलं.

परत येताना गॅरेजवर थांबलो. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"टॉवर," गुरुजी म्हणाले. "ओढ्याच्या वरच टॉवर हाय. मेंदूवर मारा होतो त्याचा."

"पेंडीत भेसळ हाय," सचिव म्हणाले. "सरकीच्या नावाखाली काय बी देतेत."

मिस्त्री पाना पुसत म्हणाला, "कुणीतरी केलं आसल काहीतरी. बाई एकटी ऱ्हाती."

मी काहीच म्हणालो नाही. मला माहीत नव्हतं म्हणून नव्हे. मला काहीतरी सुचत होतं आणि ते मी त्या बाकड्यावर बसून सुचू देत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी काळी मेली.

बाईनं रडारड केली नाही. ती म्हणाली, "फाडून बघा. तांबडी बी कालपासून खाईना. काय झालंय ते मला कळाया पायजे."

मी गाय फाडली. उन्हात, गावाबाहेरच्या पडीक रानात. आजवर बरीच जनावरं फाडली, पण त्या दिवशीचा वास अजून नाकातून जात नाही. पोटात चारा जवळजवळ नव्हताच. होती ती प्लास्टिकच्या पिशव्यांची एक घट्ट गाठ, डोक्याएवढी, पिवळसर, बुळबुळीत. त्यात एक पायमोजा होता. दुष्काळात गाय काय काय गिळते ते त्या दिवशी डोळ्यानं बघितलं. पोटाचा दुसरा कप्पा आतून मधाच्या पोळ्यासारखा असतो. गाय जे जड गिळते ते तिथं साचतं. तो कापला. दोन खिळे निघाले. आणि करड्या रंगाचे, जाळीच्या तुकड्यांसारखे पापुद्रे. पाणी मोजकंच होतं, त्यातलं थोडं ओतून मी ते धुतले. बोटानं चोळले तशी काळी रेघ उमटली.

"काय हाय ह्ये?" बाईनं विचारलं.

"बॅटरीच्या प्लेटा. शिसं."

ती त्या तुकड्यांकडं बघत राहिली. "गोड लागतंय व्हय त्यांना? ओढ्यातून वडून आणावं लागायचं हिला. चाटतच बसायची."

उपाशी जनावर मीठ-क्षार शोधत काहीही चाटतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला आजही किळस येते, स्वतःचीच. मी तिला तांबडीच्या औषधाचं सांगितलं, बीडहून इंजेक्शन आणतो म्हणालो आणि तिथून थेट घरी गेलो. बायकोला म्हणालो, आजपासून संस्थेचं दूध बंद. आमची पाच वर्षांची मुलगी रोज पेलाभर तेच दूध प्यायची. शिसं दुधात उतरतं. काळीचं दूध आजारी पडायच्या आदल्या दिवसापर्यंत संस्थेच्या टाकीत जात होतं. आधी मी माझ्या घरचं पातेलं रिकामं केलं. हात धुतले, जेवायला बसलो, उठलो. गावाला सांगायचं मला त्यानंतर सुचलं.

संध्याकाळी सचिवांना ओट्यावर गाठलं आणि बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं.

"डाक्टर, हे मोठ्यानं बोलू नका. एवढ्या टाकीत एका गाईचं दूध म्हणजे काय? तांब्याभर."

"दुसरी गाय पण आजारी आहे. तिचं तरी घेऊ नका. आणि ओढ्यात चरणाऱ्या सगळ्याच गाई तपासाव्या लागतील."

"म्हंजे निम्म्या गावाचं दूध बंद करू? लोकांनी जगायचं कशावर? टँकरच्या पाण्यावर?" मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या घरी चालू हाय ना दूध?"

मी कॅनच्या रांगेकडं बघू लागलो. त्यांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि ते दूध मोजायला निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी पिशवीचं दूध येऊ लागलं, हे मला दुकानदाराकडून कळलं. ओट्यावरचं दूध मात्र पूर्वीसारखंच टाकीत पडत राहिलं.

सचिवांशी बोलल्याच्या दुसऱ्या सकाळी मी ते पापुद्रे पेपरात बांधून गॅरेजवर नेले आणि बाकड्यावर उघडले. गुरुजी तेव्हा नेमकी विजेवर चालणाऱ्या गाड्यांची बातमी वाचत होते. धूर नाही, आवाज नाही, सगळं प्रदूषण संपणार.

"हे काळीच्या पोटातून निघालं," मी मिस्त्रीला म्हणालो. "तुझ्या ढिगातलं आहे."

मिस्त्रीनं एक तुकडा उचलला, उजेडात धरला. त्याच्या नखांच्या कडा तशाच करड्या होत्या, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"डाक्टर, ही तुमच्याच गाडीची न्हाई कशावरून?"

त्यानं तुकडा परत पेपरावर ठेवला.

"तुमी हितंच बसला व्हता की. च्या पीत. तवा न्हाई म्हणाला, हे ओढ्यात टाकू नको. मी सातवी शिकलेला माणूस हाय. तुमी शिकलेले."

गुरुजींनी पेपरची घडी घातली. "विषय वाढवू नका," ते म्हणाले. "प्रगतीबरोबर थोडं हे येतंच." आणि घडी पुन्हा उलगडून ते आतलं पान शोधू लागले. मला त्या माणसाच्या तोंडावर ते पापुद्रे फेकावेसे वाटले. पण त्यानं म्हटलेलं वाक्य त्याच बाकड्यावर मीही कधीतरी म्हटलेलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं.

तांबडी वाचली. जुलाबाचं मीठ पाजून, बीडहून आणलेली इंजेक्शनं रोज शिरेतून देऊन ती दहाव्या दिवशी खायला लागली. एका डोळ्यानं तिला नीट दिसत नव्हतं. ती वळताना नेहमी डावीकडंच वळायची. पण दूध पुन्हा सुरू झालं. बाईनं मला विचारलं, "हिचं दूध घालू का संस्थेत?"

"नको."

"किती दिस?"

"काही महिने. नक्की मला पण सांगता येत नाही."

तिनं परत विचारलं नाही. रोज दोन वेळा ती धार काढायची, बादली घेऊन रानात जायची, खड्ड्यात दूध ओतून वर माती लोटायची. शेजारणी म्हणायच्या, कशाला एवढं दूध मातीत घालतीस, टाकीत कुणाला कळणार हाय? ती म्हणायची, "मला कळतंय की."

मी पुण्याच्या प्रयोगशाळेला दुधाचा नमुना पाठवला. बाटली उन्हात नासली आणि नमुना अयोग्य म्हणून परत कळवण्यात आलं. तालुक्याच्या कार्यालयात ढिगाबद्दल अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, जनावरांचं आमच्याकडं आहे, मातीचं नाही. मातीचं कुणाकडं आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी एका रविवारी मी आणि बाई दोघांनीच ढीग उपसायला घेतला. जनावराची आतून तपासणी करताना घालायचे कोपरापर्यंतचे हातमोजे मी तिला दिले, मी घातले. तोंडाला फडकं बांधलं. चिंध्या, खोकी, चुरा. खणावं तितकं खाली तेच होतं. वीतभर माती पार निळसर-काळी झालेली, आणि तिला ऑइलचा नि कुजक्याचा मिळून एक वास. बाईला दोनदा उलटी झाली. तासाभरानं मिस्त्री गॅरेजमधून आला, काही न बोलता फावडं घेऊन खाली उतरला. हातमोज्यांचा तिसरा जोड मी त्याच्यापुढं धरला. तो म्हणाला, "आता काय उपेग?" पण घातले.

दुपारपर्यंत चौदा पोती माती भरली. मग आम्ही तिघं त्या पोत्यांकडं बघत उभे राहिलो.

"आता टाकायची कुठं?" बाईनं विचारलं.

मिस्त्री म्हणाला, जुन्या खाणीत. पण पाऊस झाला तर खाणीत पाणी साठतं आणि उन्हाळ्यात तेच लोक पितात. रानात पुरावी, तर कुणाच्या रानात? बाकड्यावर बसून आम्ही जगभरातल्या शंभर गोष्टींचा निकाल लावला होता. ह्या चौदा पोत्यांचं उत्तर आमच्यातल्या कुणाकडंही नव्हतं. ती शेवटी दवाखान्याच्या मागच्या बंद खोलीत रचली आणि मी कुलूप लावलं.

त्यानंतर मिस्त्रीनं फोडायच्या बॅटऱ्या पत्र्याच्या टाकीत ठेवायला सुरुवात केली. काही महिने ठेवल्या. पुढं टाकी गंजून फुटली. गॅरेजच्या दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडं, नवा ढीग दिसू लागला तेव्हा मी त्याला हटकलं. तो म्हणाला, "हितं जनावरं येत न्हाईत." लेकरं येतात, मी म्हणालो. तो पाना शोधायला आत गेला आणि मीही थांबलो नाही, मला दुसऱ्या गावाला जायचं होतं.

दोन वर्षांनी माझी बदली आष्टी तालुक्यात झाली. माझ्या जागी आलेल्या तरुण पर्यवेक्षकाचा एकदा फोन आला. खोली साफ करायला काढली होती.

"सर, मागं पोती आहेत. कसली माती आहे ही? टाकून देऊ का?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग मी काय करू, सर?"

मी म्हणालो, "कुलूप लाव."