पहिल्या बाकावरचा रुमाल

पालकसभा चालू असताना मुलांना खिडकीजवळ फिरकू देऊ नये, असं माझं अनुभवाअंती मत झालं आहे. पालकांना पाहून त्यांच्यावर वाईट संस्कार होतात.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. शंकर नगरातलं आमचं तीन खोल्यांचं कार्यालय एका सकाळी 'राज्यस्तरीय' झालं. मी कारकूनच राहिलो, पण माझ्या टेबलावर काच आली. टेबलावर काच आलेला माणूस बोलण्यापूर्वी खाकरू लागतो. (घरीसुद्धा!)

शाळेच्या बँडला यंदा सव्वीस जानेवारीच्या परेडचा मान होता आणि ड्रमवाल्यांत एकच जागा उरली होती. सातवीतली आमची मुक्ता महिनाभर घरातले डबे बडवत होती. सराव रोज सकाळी सहाला. मुलीला कोण आणून सोडणार, हे पालकाने सभेत सांगायचं, मग मॅडम नाव पक्कं करणार.

"पापा, आप बस 'हाँ' बोलना," मुक्ताने बजावलं. "और कुछ मत बोलना."

"इतकंच सांगून राहिली ते पोट्टी," बायको म्हणाली. "जमन ना?"

मी खाकरलो.

अर्धा तास आधी पोचलो, पहिल्या बाकावर रुमाल टाकला आणि चहाला गेलो. आमच्याकडे रुमाल म्हणजे सातबाराच! परत आलो तर रुमाल खिडकीत आणि बाकावर वानखेडे. हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात; स्टेशनापलीकडच्या गुढियारीहून येत. त्यांची मुलगी मुक्ताच्याच वर्गात.

"ती माझी जागा आहे."

"काहून? नाव लिहिलं काय?"

"रुमाल होता माझा!"

"मंग रुमालाले बसवाचं होतं ना जी सभेत. तुमी काहून आले?"

मागे चार बाक रिकामे होते. पण राज्यस्तरीय माणूस पाचव्या बाकावर कसा बसेल? मी त्यांच्याच शेजारी घुसलो. बाक सातवीच्या मुलांच्या मापाचा. आमचे गुडघे हनुवटीला लागले. मॅडम शिस्तीबद्दल बोलू लागल्या आणि वानखेड्यांचं कोपर माझ्या बरगडीत शिरलं. मी खडूचा तुकडा उचलून बाकाच्या मधोमध रेघ मारली.

"हे तुमचं, हे माझं."

"तुमचं जास्त हाय!" असं म्हणून त्यांनी रेघ तळहाताने पुसली आणि माझ्या बाजूला चार बोटं सरकवून नवी मारली. मी खडू हिसकला. त्यांनी माझं पेन खाली पाडलं.

"कौन बात कर रहा है?" मॅडमचा आवाज आला.

आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. "मॅडम, ये!"

खिडकीत हशा पिकला. आख्खी सातवी तिथे लटकलेली होती.

"मॅडम, पहले इन्होंने लकीर मिटाई," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायचं होतं. पण मी खाकरलो. "वैसे हमारा विभाग राज्यस्तरीय है."

"तो आप दोनों राज्यस्तर पर बाहर खड़े हो जाइए."

व्हरांड्यात आम्ही कुंड्यांशेजारी उभे राहिलो. आत नावांचा पुकारा सुरू झाला. "मुक्ता के अभिभावक?" मला 'हाँ' म्हणायचं होतं, एवढंच, पण दारातल्या शिपाईभैयाने ओठांवर बोट ठेवलं आणि मी (लाजिरवाणी गोष्ट आहे) गप्प बसलो. महिनाभराचे डबे फुकट गेले!

"मॅडम," खिडकीतून मुक्ताचा आवाज आला, "पापा सज़ा में हैं. पर सुबह छह बजे आ जाएँगे. मैं रोज़ उनको उठाकर ले आऊँगी."

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. मग नाव लिहिलं.

"पोट्टी कामाची हाय तुमची," वानखेडे पुटपुटले. "तुमच्यावर नाही गेली."

ड्रम मिळाला. सोबत मुक्ताच्या डायरीत शेराही मिळाला: 'सभा में पिता का आचरण असंतोषजनक. अभिभावक हस्ताक्षर करें.' मी पेन उघडलं, तर मुक्ताने डायरी मागे ओढली. "आप नहीं. आपके अभिभावक!"

बायकोने साफ हात झटकले. शेवटी डायरी माझ्या आईकडे गेली. तिने चष्मा लावला, शेरा न वाचताच झोकात सही केली आणि म्हणाली, "तुह्या चौथीनंतर या सह्यांतून सुटली मी, असं वाटलं होतं मले."