सिपोराचा दगड

मेलेल्या सवतीचा हेवा करू नये म्हणतात. रेबेकाला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. सिपोराशी भांडायचं कसं?

रेबेकाचा नवरा रूबेन रोह्यातला जुना पाथरवट. उभा जन्म त्यानं पाटे-वरवंटे घडवले आणि मुसलमानांच्या नि आपल्या बेने इस्रायली यहुदी माणसांच्या कबरींचे दगड कोरले. सगळे इथल्याच डोंगरातल्या काळ्या दगडाचे. पहिली बायको सिपोरा गेली तेव्हा मात्र त्यानं पेणहून पांढरा संगमरवर आणवला. दर शुक्रवारी, शनिवारचा शब्बाथ लागायच्या आधी, तांब्या-फडकं घेऊन तो कबर पुसायला जाई. इकडे रेबेकाची पाठ धरली तरी "शेक घे" यापलीकडे शब्द नाही. रेबेका जळून खाक व्हायची.

शेवटी तिनं उपाय काढला. दगड मळतो म्हणून हा जातो ना? मग एकदाच असा लख्ख करू, की पुन्हा फडकं लागायचं नाही. शब्बाथचा पितळी दिवा ती चिंचेनं घासत असे. रूबेन खांब गावी भाचीकडे गेल्यावर तिनं तसाच चिंचेचा जाड कोळ दगडावर थापला, दुपारभर ठेवला आणि विटेच्या भुकटीनं जीव खाऊन घासला. धुतला, तर चकाकी पार उतरलेली. पावसापाण्यानं आधीच झिजलेलं नाव आता जेमतेम दिसत होतं. रेबेका घाबरली. आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

परत आल्यावर रूबेननं दगडावरून हात फिरवला.

"आंबट लावलंस काय गो?"

"दिव्याला लावते तसंच लावलं."

"दिवा पितळेचा. ह्यो दगड म्हंजे समुद्राच्या तळाचे शिंपले. थरावर थर दाबले गेले, जमिनीच्या पोटात भाजले, तवा त्याचा संगमरवर झाला. पन जात चुन्याचीच, आंबट त्याला खातं. आपला काळा दगड आगीचा रस थिजून झालेला. त्याला चिंचेनं काय व्हत नाय. छिन्नीला बी तो लवकर दाद देत नाय."

तो ओरडला नाही. रविवारपासून छिन्नी-हातोडी घेऊन नाव नव्यानं, खोल कोरायला बसला. आधी आठवड्यातून एकदा जायचा, आता रोज. करायला गेली एक आणि झालं भलतंच! वर दुपारचा डबाही रेबेकानंच पोचवायचा.

एका दुपारी तो सिपोराच्या नावातला शेवटचा काना कोरत होता. भुकटीवर हळूच फुंकर घालत होता. रेबेकाला राहवलं नाही.

"माझ्या दगडावं काय लिवाल?"

"मी तुझ्या आधी जानार. तुझा दगड दुसरा कोन तरी करंल."

तिनं डबा दाणकन खाली ठेवला. डोळे भरून आले होते.

"मंग आत्ताच करा. मी जिती हाय तवर."

"संगमरवर आनू?"

"नाय. काळाच आना. त्याला लई दिस लागतात ना? तेवढं दिस माझ्या नावापाशी बसा."