उस्तादजींच्या हातचं बॅरल

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पप्पा एका मंत्रालयात शिपाई आहेत आणि आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षी मला फरीदाबादजवळच्या एका कारखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. तिथे रायफली बनतात. पप्पांनी ही बातमी ऑफिसातल्या प्रत्येक मजल्यावर पोहोचवली. "माझी पोरगी बंदूक बनवते," असं ते सांगायचे, आणि आई म्हणायची, "अहो, हळू बोला. शेजारचे पोलिसांना बोलावतील."

मी बंदूक बनवत नव्हते, मोजमापं घेत होते. आमच्या विभागात एक रायफल तयार होत होती, जिच्यातून दोन वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या झाडता येतील. ते साधायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे फक्त बॅरल, म्हणजे नळी, बदलायची. दुसरा म्हणजे रायफलचा वरचा अख्खा भागच, ज्याला अप्पर म्हणतात, प्रत्येक मापासाठी वेगळा ठेवायचा. त्याची नळी आणि त्याची दुर्बीण त्याच्यावरच कायम बसलेली. बॅरल हलकं, स्वस्त, खांद्यावरच्या पिशवीत मावणारं. अप्पर जड आणि महाग. पण बॅरल काढून पुन्हा बसवलं की नेम थोडा सरकतो, आणि दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते. तो किती सरकतो, यावर सगळा निर्णय अडला होता.

विभागाच्या प्रमुख मॅडम बॅरलच्या बाजूच्या होत्या. त्या दिल्लीतच वाढलेल्या मराठी. माझ्याशी मराठीत सुरू करायच्या आणि अर्ध्यात हिंदीत जायच्या. बॅरलची ती रचना त्यांची स्वतःची होती, तीन वर्षांची मेहनत. आणि इंटर्नमधून कोणाला नोकरीचं पत्र द्यायचं, तेही त्याच ठरवणार होत्या.

माझं काम सोपं होतं. बॅरल काढायचं, बसवायचं, शंभर मीटरवर पाच गोळ्या झाडून घ्यायच्या, कागदावरची भोकं मोजायची. असं चाळीस वेळा. खरं तर काढणं-बसवणंही माझ्याकडेच होतं. पण पहिल्याच दिवशी उस्तादजींनी माझ्या हातातून पाना काढून घेतला. उस्तादजी म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले शस्त्रांचे कारागीर, हरियाणाचे, पप्पांपेक्षा दहा वर्षांनी मोठे. "बेटा, तू लिख. हाथ काले हो जाएँगे," ते म्हणाले. वडीलधाऱ्या माणसाच्या हातून पाना परत कसा मागायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी लिहीत राहिले. फॉर्मवर 'बॅरल कोणी बसवलं' असा एक रकाना होता. त्यात मी चाळीस वेळा 'टेक्निशियन' असं लिहिलं.

चाळीसही वेळा नेम जवळपास जागेवर राहिला. मॅडमनी तक्ता पाहिला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. "बढिया. गुरुवारी रायफल घेणारे पाहुणे येतायत, हाच तक्ता पडद्यावर लावू. टार्गेटचा फोटो तेवढा नवीन काढ."

फोटोसाठी मी बुधवारी गोळीबाराच्या रेंजवर गेले. उस्तादजी भाचीच्या लग्नाला रोहतकला गेले होते. रेंजवर फक्त गोळ्या झाडणारे गृहस्थ होते, ज्यांना सगळे शूटर भैया म्हणत. मी कार्यपद्धतीचा कागद समोर ठेवला आणि एकेक पायरी वाचत बॅरल बसवलं. ठरलेल्या जोराला पाना 'टक' करतो. त्याने केलं. शूटर भैयांनी पाच गोळ्या झाडल्या. कागद जवळ आणला तर पाचही भोकं काळ्या वर्तुळाच्या बाहेर, डावीकडे, वीतभर खाली.

मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. पुन्हा काढलं, पुन्हा वाचत बसवलं. आता पाचही उजवीकडे गेली.

मग मला उस्तादजींचे हात आठवले. पाना लावण्याआधी ते बॅरल तळव्याने मागे दाबायचे आणि किंचित फिरवायचे, आतलं काहीतरी बसल्यासारखं वाटेपर्यंत. मग ते तसंच धरून ठेवून दुसऱ्या हाताने आवळायचे. हे कागदावर कुठेच नव्हतं. बहुतेक त्यांनाही आपण असं करतो हे माहीत नसावं. चाळीस ओळींमध्ये मी रायफल मोजलीच नव्हती, त्यांचे हात मोजले होते.

शूटर भैया म्हणाले, "मैडम, टेंशन क्यों? दुर्बीन ज़ीरो कर लो, फोटो ले लो, छुट्टी."

मी तसंच केलं. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण केलं. दुर्बीण जुळवली, पुढच्या पाच गोळ्या मधोमध गेल्या, फोटो काढून मॅडमना पाठवला. वाईट गेलेले दोन कागद घडी घालून बॅगेत ठेवले. फाडले नाहीत, एवढंच.

मेट्रोत उभी असताना मी मनात हिशेब जुळवत होते की गप्प राहिले तर काय होईल. काहीच होणार नव्हतं. निदान माझं. रायफल ज्याच्या हातात जाईल तो बॅरल बदलेल, बहुतेक घाईत, आणि त्याच्या शेजारी उस्तादजी नसतील.

पप्पा दारातच भाजी निवडत बसले होते. मी विचारलं, "पप्पा, फाइल साहेबांकडे सहीला गेली आणि तुम्हाला कळलं की आतला एक कागद चुकीचा आहे, तर काय करता?"

"सही झाली का?"

"उद्या होणार."

"मग पळत जाऊन सांगायचं. लिफ्टची वाट बघायची नाही."

"आणि तो कागद तुम्हीच लावला असेल तर?"

पप्पांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तर जिना चढताना जास्त दम लागतो," ते म्हणाले. मग जुडी पुन्हा हातात घेतली.

गुरुवारी मी मॅडमच्या आधी पोहोचले. त्या आल्या, तेव्हा मी दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर उलगडले. "मॅडम, हे मी बसवलेलं बॅरल. तक्त्यातली चाळीसही उस्तादजींनी बसवलेली आहेत. मी फक्त लिहिलं."

त्यांनी कागदावर फूटपट्टी ठेवली. "म्हणजे तुला बसवता येत नाही."

"हो, मॅडम."

"हो काय? मग शिक ना यार. यात रायफलचा काय दोष?"

"मी कागदावर लिहिलंय तसंच बसवलं. रायफल ज्यांना मिळेल त्यांच्याकडेही तोच कागद असेल. त्यांनाही माझ्याइतकंच येत असेल."

त्यांनी फूटपट्टी दुसऱ्या कागदावर सरकवली. मग विचारलं, "काल मला पाठवलेला फोटो?"

"दुर्बीण जुळवून काढला."

"का?"

"भीती वाटली."

बाहेर पाहुण्यांच्या गाडीसाठी कोणीतरी फाटक उघडत होतं. मॅडम उठल्या, पदर सारखा केला, दोन्ही कागद उचलले. "चल. तू पण ये. कोणी काही विचारलं तर हेच सांग, यातला एकही शब्द गोड करू नकोस."

बैठकीत तक्ता पडद्यावर लागला नाही. मॅडमनी हिंदीत सांगितलं की बॅरलची चाचणी सदोष आहे, ती त्या मागे घेत आहेत, आणि दिलेल्या मुदतीत काम हवं असेल तर आज त्या वेगळ्या अप्परचीच शिफारस करतील. तीन वर्षांचं काम त्यांनी अशा आवाजात बाजूला ठेवलं, जसं कोणी पाण्याचा पेला सरकवावा. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, चूक कोणाची. मॅडम म्हणाल्या, "मेरी. फॉर्म पर साइन मेरे हैं." मी उभी राहिले आणि म्हणाले की लिहिलं मी होतं. मला खाली बसायला सांगण्यात आलं.

बॅरलची चाचणी नव्याने करायची ठरली, सहा वेगवेगळ्या माणसांच्या हातून. शुक्रवारी उस्तादजी परत आले, तेव्हा त्यांना सगळं आधीच कळलं होतं. ते माझ्याकडे न बघता बाकावरची हत्यारं पुसत राहिले.

"मेरे हाथ की शिकायत लगाई, बेटा?"

"नहीं, उस्तादजी. आपके हाथ बहुत अच्छे हैं. यही तो दिक्कत थी."

त्यांना हसू आलं की राग, मला कळलं नाही. नोकरीच्या पत्रांची यादी अजून मॅडमच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि त्यात माझं नाव आहे का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. उस्तादजींनी पाना माझ्यासमोर ठेवला, स्वतः खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "लगा. मैं नहीं देख रहा."

मी कागद समोर घेतला आणि पहिली पायरी वाचली.