आप्पांची रायफल आणि शिसमची फळी

बायको गेली त्या वर्षी मी दुकान उघडत नव्हतो. दुकान म्हणजे घरामागचं पत्र्याचं वर्कशॉप. पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचो. उसाचं पाणी वाढलं होतं, गावोगाव मोटारी जळत होत्या, पण आलेल्या माणसाला मी हात हलवून परत पाठवायचो. दिवसभर स्टुलावर बसायचो. कावीळ झाली, अंबाजोगाईला नेलं, तिथून तिला घेऊन परत आलो आणि आमच्यात पुरतात तशी मळ्यात माती दिली, एवढं मला सरळ सांगता यायचं. कुणी विचारलं की तेवढंच सांगायचो. रडू आलं नव्हतं.

एके दिवशी माझे वडील, आप्पा, पोत्यात गुंडाळलेली रायफल घेऊन वर्कशॉपमध्ये आले. आजोबांच्या वेळची बोल्टची रायफल, आप्पांच्या नावे लायसन होतं. ट्रॅक्टरवरून पडून तिचा लाकडी दस्ता मुठीपाशी तडकला होता, तेव्हापासून ती माळ्यावर पडून होती.

"उसात डुकरं लई झालीत," आप्पा म्हणाले. "हिला नीट कर."

मी म्हणालो, माजलगावला कुणीतरी करून देईल. ते स्वतः जाऊन ठाण्यात विचारून आले. जमादार म्हणाला, लाकडाचं काय करायचं ते करा, नळीला आणि घोड्याला हात लावू नका. तेवढं सांगून आप्पा आपल्या किराणा दुकानात जाऊन बसले. तिथं नवीन एसटीडीचा फोन घेतला होता, त्यामुळे गर्दी असायची.

मी रायफल खोलली. गंज वरवरचा होता, रॉकेलच्या फडक्याने निघाला. दस्ता मात्र जोडण्यासारखा नव्हता. नवा करायला वाळलेलं लाकूड हवं होतं, आणि घरात शिसमची एक जाड फळी होती. बायकोला कपाट करून घ्यायचं होतं, त्यासाठी तिनेच निवडून आणलेली. मी ती खाली काढली, पेन्सिलने आखली आणि करवत लावली. वाईट वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. भुसा पडत राहिला.

नळी लाकडात बसवणं हे किचकट काम. नळीला चिमणीची काजळी लावायची, लाकडावर दाबायची, उचलायची. जिथे काळं उमटेल तेवढंच पटाशीने काढायचं. परत काजळी, परत दाबायचं. मला ते बरं पडलं. डोक्यात काही येत नव्हतं.

आप्पांचा उजवा डोळा काचबिंदूने गेला होता. म्हणजे आता त्यांना डाव्या खांद्याला लावून डाव्या डोळ्याने नेम धरावा लागणार. बोल्टची मूठ उजवीकडेच राहणार होती, पण दस्ता तरी त्यांच्या मापाचा करता येत होता. मी त्यांना स्टुलावर बसवायचो. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा म्हणायचो, मग डोळा उघडा. नळीच्या टोकावरची नेमाची माशी दिसली नाही की गालाजवळचं लाकूड थोडं रंध्याने उतरवायचो. एकदा त्यांची मान वाकडी व्हायला लागली म्हणून मी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरून सरळ केलं. लहानपणानंतर मी त्यांच्या तोंडाला हात लावला नव्हता. दाढीचे खुंट हाताला टोचले. ते तसेच डोळे मिटून बसून राहिले.

"लागतंय का कुठं?" मी विचारलं.

"न्हाई." मग डोळे न उघडताच म्हणाले, "डुकरं उसात न्हाईत. तिची माती उकरलीय."

मी हात काढले नाहीत. त्यांनी सांगितलं, दोनदा उकरली. दोन्ही वेळा त्यांनी एकट्यानेच खोऱ्याने माती ओढून वर बाभळीचे फास, काट्यांच्या फांद्या, टाकले होते.

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"सांगून तू काय केलं असतंस? तू हाईस कुठं इथं?"

मी रंधा उचलला.

दस्त्याला जवसाचं तेल चोळून झाल्यावर आम्ही पहाटे मळ्यात गेलो. उजाडता उजाडता डुकरं बांधावरून आली, मोठी मादी पुढे. आप्पांनी नेम धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि नळी वर करून आभाळात गोळी झाडली. डुकरं ओढ्याकडे पळाली. माझे कान बधिर झाले. आप्पा काहीतरी बोलत होते, ते मला ऐकू येत नव्हतं. नंतर कळलं की मादीमागे पिल्लं होती असं ते सांगत होते.

डुकरं परत आलीच. मग आम्ही दोघांनी पाटोद्याकडून दगड मागवले आणि तिच्या मातीवर चौथरा बांधला. दगड आप्पा लावत होते, मी सिमेंट कालवत होतो. दुपारी भाकरी खाताना त्यांनी मोटारींचं विचारलं. म्हणालो, उद्या बघतो.

दुसऱ्या दिवशी एक जण जळालेली मोटार घेऊन आला. मी ती ठेवून घेतली. जुनी तार काढायला बसलो. रडू त्या दिवशीही आलं नाही, पण संध्याकाळी भूक लागली आणि मी हात धुवून स्वयंपाकघरात गेलो.