मधली मोकळी जागा

पुढच्या गाड्यांचे ब्रेकलाइट लागले आणि सगळं थांबलं. जर्मनीतला दोन लेनचा हायवे. मी उजव्या लेनमध्ये, मागे टाइल्सनी भरलेला ट्रेलर. थांबता थांबता शेजारच्या लेनमधल्या कार एकेक करून डाव्या कडेला सरकल्या. माझ्या पुढचे ट्रक उजव्या कडेला गेले. मधोमध एक अख्खी गाडी जाईल एवढी जागा मोकळी झाली.

मी स्टिअरिंग डावीकडे कापलं आणि केबिन त्या जागेत घातली.

अठरा वर्षं मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीहून नागपूर आणि रायपूरला ट्रक चालवला. जागा दिसली की घ्यायची, नाही तर मागचा घेतो. हात आपोआप वळले.

बाजूला मारेक बसला होता. साठीतला पोलिश ड्रायव्हर. कंपनी पोलंडची होती आणि नव्या माणसाला पहिला महिना जुन्या ड्रायव्हरसोबत काढावा लागे. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले. कॉफी ओतता ओतता त्याने वर पाहिलं.

"हे काय केलंस?"

"जागा रिकामी होती."

"रिकामी नाही. ॲम्बुलन्ससाठी आहे."

मी आरशात पाहिलं. मागे ॲम्बुलन्स नव्हती.

"कुठे आहे?"

"येईल."

पोलंडला येऊन मला तीन आठवडे झाले होते आणि मी आतून पार हललो होतो. थंडी सोसली. शांतता सोसवेना. गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्रही मला नवीन होतं. तुम्ही किती वेळ गाडी चालवली ते यंत्र तुमच्या कार्डावर नोंदवतं. साडेचार तास झाले की पाऊण तास थांबावंच लागतं. लाखनीचे मालक फोन करून विचारायचे, का थांबलास. इथल्या ऑफिसातून फोन यायचा, का नाही थांबलास.

बायकोला, सुनंदाला, मी फोनवर सांगितलं होतं, "दिवसभर हॉर्न ऐकू येत नाही. कोणी बोलत बी नाही. मले वाटते मी बहिरा होऊन राहिलो. वापस येतो."

ती म्हणाली, "या ना. पण तोवर रोज एक नवी गोष्ट पाहा अन् मले सांगा. दिवस तरी जाईन."

मग मी रोज तिच्यासाठी एक गोष्ट शोधू लागलो. बर्फातले पक्षी, स्वतःच तिकीट देणारं यंत्र, असं काहीबाही. त्या दिवशीची गोष्ट मला शोधावी लागली नाही.

सायरन ऐकू आला. फार लांबून, पण सरळ आमच्याकडे येणारा. आणि वाटेत माझी केबिन आडवी. सरळ होण्यासाठी मला आधी मागे जायला हवं होतं. मागे दुसरा ट्रक चिकटून उभा. 

मागचा ड्रायव्हर खाली उतरला. त्याने माझी गाडी पाहिली, वळला आणि आपल्या मागच्याला हाताने खूण केली. त्याने त्याच्या मागच्याला. सहा-सात गाड्या हात-दोन हात मागे सरल्या. मी रिव्हर्स घेतला आणि ट्रक उजवीकडे नेऊन लावला. मिनिटभरात ॲम्बुलन्स माझ्या आरशाजवळून गेली. तिने वेगसुद्धा कमी केला नाही.

मी खाली उतरून मागे पाहिलं. रस्ता चढाचा होता, म्हणून लांबवर दिसत होतं. शेकडो गाड्या दोन कडांना आणि मधली पट्टी कोरी. पोलीस नाही, शिट्टी नाही. मागचा ड्रायव्हर मला शिव्या देईल म्हणून मी वाट पाहत होतो. त्याने मान हलवली आणि तो आपल्या केबिनमध्ये चढला. मी तिथेच उभा राहून त्या कोऱ्या पट्टीकडे बघत राहिलो.

सुनंदाला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "सांगणारा कोणीच नव्हता?"

"कोणीच नाही."

"अन् सारे सरकले?"

"हाव. मी सोडून सारे."

परत यायचा विषय मी नंतर काढला नाही. करार पूर्ण करून, दोन वर्षांनी आलो. आता पुन्हा लाखनीचाच ट्रक चालवतो.

गेल्या पावसाळ्यात लाखनीच्या अलीकडे भाताच्या पेंढ्याची, तणसाची ट्रॉली उलटली आणि हायवे तुंबला. माझ्या मागे साकोलीहून आलेली ॲम्बुलन्स अडकली. आत साप चावलेला माणूस होता. मी ट्रक कडेला घेऊन उतरलो आणि पुढच्या ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, गाडी कडेले घ्या. मधून ॲम्बुलन्स काढू."

"मी घेतो, पण मधी दुसराच घुसते. मंग?"

तरी त्याने घेतली. लगेच एक जीप घुसली. जीपवाला म्हणाला, "जागा खाली होती ना." मला त्याच्यावर रागावता येईना. त्याला हात जोडून बाहेर काढलं आणि मी स्वतःच त्या जागेत उभा राहिलो.

बाजूच्या पिकअपमध्ये एकोडी गावच्या बाया होत्या. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपून परत चालल्या होत्या. त्यातल्या एका वयस्क बाईने विचारलं, "काहून उभे आहा जी मधी?"

मी सांगितलं.

"मंग एकट्यानं काय होते?" असं म्हणून ती उतरली. मागोमाग साऱ्या उतरल्या. पायांना पोटरीपर्यंत चिखल. प्रत्येक दोन गाड्यांमागे एक, अशा त्या मधल्या जागेत उभ्या राहिल्या आणि दोन्हीकडच्या ड्रायव्हरांना कडेला सरकायला लावत गेल्या. एकही मोटारसायकल त्यांच्यातून घुसली नाही. ॲम्बुलन्स जवळ आली की एकेक बाई बाजूला व्हायची. मी पुन्हा एकदा तसाच, तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

चार दिवसांनी ॲम्बुलन्सचा ड्रायव्हर चहाच्या टपरीवर भेटला. पेशंट बरा होऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी गेला होता.

तिकडे ही गोष्ट लायसन्सच्या परीक्षेतच विचारतात, म्हणून कोणाला काही बोलावं लागत नाही. आपल्याकडे खाली उतरावं लागतं, एकेकाशी बोलावं लागतं, मध्ये उभं राहावं लागतं. वेळ जास्त जातो. पण ॲम्बुलन्स निघते.