"शांते, डावीकडे!" एवढंच सुलोचनानं ओरडायचं होतं.

चेंडू गेला, बास्केट झाली, समोरच्या मुली आपापल्या जागी परतल्या, तरी तिचं वाक्य संपलं नव्हतं.

"वो जाऊबाई, तुमच्या डाव्या अंगाले थोडं पाहता काय जी?"

मी व्हिसल फुंकली. त्या दिवसांत किती वेळा फुंकली कोण जाणे, संध्याकाळी गाल दुखायचे.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. वर्ध्याला बायकांच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये मी शारीरिक शिक्षणाची इन्स्ट्रक्टर होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका तिथे शिकून मास्तरणी व्हायच्या. संध्याकाळी मी त्यांना बास्केटबॉल शिकवायची. चुन्याच्या रेघा, लोहाराकडून वळवून आणलेल्या रिंगा आणि कमरेला पदर खोचलेल्या माझ्या खेळाडू. पास देणं, ड्रिबल करणं, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पळणं, हे त्या भराभर शिकल्या. डोक्यावर हंडा घेऊन चालणारीला तोल शिकवावा लागत नाही.

घोडं पेंड खात होतं ते डिफेन्समध्ये.

डिफेन्स हा निम्मा पायांनी आणि निम्मा तोंडानं खेळायचा असतो. समोरच्या संघाची एखादी खेळाडू मुद्दाम तुमच्या वाटेत येऊन उभी राहते. याला स्क्रीन म्हणतात. तुमची नजर चेंडूवर असते, त्यामुळे ती तुम्हाला दिसत नाही. दिसते मागे उभ्या असलेल्या तुमच्या सोबतिणीला. तिनं ओरडून सांगायचं, "डावीकडे!" एवढंच. सांगितलं तर तुम्ही वळसा घालून सुटता. नाही तर जाऊन धडकता.

माझ्या संघात पुढे शांता, मागे सुलोचना. दोघी सख्ख्या जावा, सिंदी रेल्वे या गावच्या, कापूसवाल्या घरातल्या. शांता थोरली, उंच, हाडापेरानं मजबूत. सुलोचना धाकटी, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. नजर अशी की अख्खं कोर्ट तिला एकदम दिसायचं. तशी नजर मी नंतर फार थोड्या मुलींत पाहिली. पण थोरल्या जावेला एका शब्दात सांगायचं? एका शब्दात आपण वासराला हाकलतो. जावेला 'वो' पासून 'जी' पर्यंत पूर्ण वाक्य लागतं.

"सुलोचना, फक्त एक शब्द," मी म्हटलं.

ती मान हलवायची आणि पुढच्या वेळी तोंडात मिठाची गुळणी धरायची. आखूड बोलण्यापेक्षा न बोलणं बरं, असा तिचा हिशेब.

तिला नुसतं भित्री म्हणणं बरोबर नव्हे. सासरे दोघींना सोडायला आले तेव्हा मी हजर होते. गावात मुलींची शाळा निघणार होती आणि मास्तरीण मिळत नव्हती, म्हणून त्यांनी घरच्या सुनाच पाठवल्या. माणूस पुढारलेला, पण करडा. मला म्हणाले, "बाई, शिकवा, खेळवा, माहं काही म्हणणं नाई. पण घरची रीत मोडली असं कानावर आलं, तं त्याच दिवशी सामान बांधून घेऊन जाईन." शांताचं घरात वजन होतं, तिचं निभावलं असतं. सुलोचना एकदा परत गेली असती तर पुन्हा आली नसती. आणि तिला मास्तरीण व्हायचं होतं. एवढी एकच गोष्ट तिनं मला आपणहून सांगितली होती.

शेवटी मी डोळे बांधायचं ड्रिल काढलं. एकीच्या डोळ्यांवर पट्टी, दुसरीनं नुसत्या आवाजानं तिला कोर्टभर फिरवायचं. शांतानं टॉवेल बांधून घेतला. मी तिला रिंगेकडे तोंड करून उभी केली. ती आपली आपण वळली आणि बाभळीच्या कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली.

"अवं सुलोचने, मी पळून राह्यली. सांगजो मले."

आणि खरंच पळाली. सुलोचना म्हणते आहे, "वो जाऊबाई, थोडं..." तोवर बाई काट्यात! हातावर लाल ओरखडे. मी ड्रिल बंद करायला निघाले, तर शांतानं पट्टी सोडायला नकार दिला.

"माहं वाक्य आईक. या मैदानावर मी तुही जाऊ नाई. मी शांती. घरी पाय धर, इथं नाव घे. नाई घेतलं, तं मी अजून काट्यात जातो."

ती पुन्हा धावली, पहिल्यापेक्षा जोरात.

"शांते, थांब!"

तो आवाज सुलोचनाचा आहे हे आम्हाला क्षणभर कळलंच नाही. शांता कुंपणाला हात टेकेल एवढ्यावर थांबली आणि पट्टी काढून खो खो हसली. सुलोचना रडत होती. मला शांताचे पाय धरावेसे वाटले. अंगावर काटे घेऊन धाकटीला बोलतं करणारी थोरली जाऊ मी तरी दुसरी पाहिली नाही.

त्यानंतर कोर्टवर नुसता कल्ला. "शांते, डावीकडे!" "शांते, माघारी!" बाकीच्यांचीही तोंडं सुटली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रिन्सिपॉल, खिडकीतून विचारायच्या, "भांडण झालं का हो?"

मग नागपूरच्या एका संघाशी आमच्या मैदानावर मॅच ठरली. त्या मुली सराईत होत्या. तरी आम्ही शेवटपर्यंत बरोबरीत होतो आणि ते सुलोचनाच्या गळ्यामुळे. शेवटच्या मिनिटाला चेंडू त्यांच्याकडे. शांतापुढे त्यांची कॅप्टन. डावीकडून स्क्रीन येताना मला दिसली, म्हणजे सुलोचनाला कधीच दिसली असणार. तिनं तोंड उघडलं.

त्याच वेळी प्रेक्षकांतून काळी टोपी घातलेला एक माणूस ताडकन उठून उभा राहिला. सासरे. कधी येऊन बसले होते कोणास ठाऊक.

सुलोचनाचं तोंड मिटलं. शांता जाऊन धडकली, कॅप्टन सुटली आणि बास्केट झाली. आम्ही एका बास्केटनं हरलो.

सासरे सरळ कोर्टवर आले. शांता धाकटीच्या पुढे होऊन उभी राहिली. "मामाजी, नाव घ्यायले मीच लावलं. काय बोलाचं ते मले बोला. तिले घरी नेऊ नका."

"ते राहू दे," म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "इतका वेळ तं बरी बोंबलून राह्यली होती. आखरीले काऊन चूप बसली? आवाज देल्ला असता तं जितलो नसतो काय?"

जितलो! आम्ही नव्हे, तेही. माझा जीव भांड्यात पडला.

सुलोचना मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही उठून उभे राह्यले, मामाजी."

"अवं, समोर तो फेटेवाला बसला होता. मले बॉल दिसून नाई राह्यला, म्हणून उठलो!"

मग तिनं मान वर केली. सासऱ्याकडे पाहून त्या घरातली सून इतकं आखूड बोलल्याचं बहुधा पहिल्यांदाच घडलं असेल.

"पुढच्या मॅचले खाली बसजा."

म्हाताऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि मला विचारलं, "पुढची मॅच कवा आहे, बाई?"

दोघी ट्रेनिंग पुरं करून सिंदीच्या शाळेत लागल्या. मी निवृत्त होईपर्यंत ते ड्रिल घेत राहिले, कुंपणापासून लांब. आणि प्रत्येक मॅचला घरच्या माणसांना पहिल्या ओळीत बसवत आले, म्हणजे कोणाला उठायचं कारण उरत नाही.