पाहुण्याचा दिवा

संपादकबाईंचा शेरा अचूक होता, म्हणूनच तो मला झोंबला. हस्तलिखिताच्या नवव्या पानाच्या समासात त्यांनी लिहिले होते : "हा नियम काहीच करत नाही. एकतर त्याला काम द्या, नाहीतर काढून टाका."

मी बालाघाटच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात खेळ लिहिते. माझ्या खेळांत पट नसतो, जिंकणे-हरणेही नसते. तीन-चार माणसे टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एक पात्र होतो आणि नियमांच्या व फाशांच्या आधाराने सगळे मिळून एक गोष्ट बोलत बोलत घडवतात. नियम नीट बांधलेले असतील, तर माणसे तासाभरात असे काही बोलून जातात, जे बोलायचे त्यांनी मुळीच ठरवलेले नसते. हे कोणत्या रचनेने घडते आणि कोणत्या रचनेने घडत नाही, हा माझ्या दृष्टीने प्रयोगाचा विषय आहे. पुण्यातल्या एका लहान प्रकाशनाने माझा खाणीचा खेळ पुस्तकरूपाने काढायचे कबूल केले, तेव्हा कित्येक वर्षांच्या या उद्योगाला घराबाहेरच्या कोणीतरी पहिल्यांदा गंभीरपणे घेतले होते. मला ते पुस्तक हवे होते. नम्रपणाने नव्हे, हट्टाने हवे होते.

खेळाची मांडणी सोपी होती. पात्रे म्हणजे भूमिगत खाणीत उतरलेले कामगार. प्रत्येकापुढे एक पिवळे बटण : त्याच्या टोपीवरचा दिवा. आपली खेळी आली की डाव्या हाताच्या खेळाडूला एक प्रश्न विचारायचा. वळणापलीकडे काय ऐकू आले? तुझ्या मागे कोण चालते आहे? त्याने उत्तर द्यायचे, फासा टाकायचा आणि मग आपल्या डावीकडच्याला विचारायचे. फाशावर एक पडला, तर दिवा विझतो आणि ते पात्र खेळातून जाते. टेबलाच्या मध्यभागी मात्र एक जास्तीचे बटण असे, कोणाचेही नसलेले; ते कोणी उचलायचे नाही, एवढाच त्याचा नियम. शेरा त्याच्याबद्दल होता.

ते बटण मी बाबांच्या नोकरीतून उचलले होते. बाबा जिल्ह्यातल्या एका मॅंगनीज खाणीच्या लॅम्परूममध्ये होते. खाली जाणाऱ्याचा बिल्ला ठेवून घ्यायचा आणि त्याला दिवा द्यायचा. तो वर आला की दिवा घेऊन बिल्ला परत करायचा. पण दर शिफ्टला ते एक दिवा जास्त तयार ठेवत. शेवटचा माणूस उतरला की तो पेटवून खिडकीजवळच्या खुंटीला टांगत आणि शेवटचा माणूस वर आला की विझवत. त्याला सगळे पाहुण्याचा दिवा म्हणत. पाहुणा कोण, असे मी लहानपणी एकदा विचारले होते.

"पाहुण्याले कोणी असं विचारते का वं?" एवढे बोलून बाबांनी विषय मिटवला होता.

निवृत्तीनंतर बाबांचे बोलणे आटत गेले. 'हौ' आणि 'नाई' या दोन शब्दांवर त्यांचा अख्खा दिवस निघे. पहिल्या चाचणीला एक खेळाडू कमी पडला, म्हणून मी त्यांना केवळ संख्या भरण्यासाठी बसवले, आणि एका साध्या प्रश्नाच्या उत्तरात ते दहा मिनिटे सलग बोलले. स्वतःबद्दल नव्हे; पात्राबद्दल. तरी मी टिपणे घ्यायचे विसरले. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही चौघे बसू लागलो : मी, माझ्या डाव्या हाताला बाबा, त्यांच्या डावीकडे त्यांची धाकटी बहीण म्हणजे माझी रामपायलीची आत्या, आणि शेवटी खैरलांजीहून स्कूटीने येणारी माझी एक शिक्षिका मैत्रीण.

नियमाला काम देणे अवघड नव्हते. मी लिहिले : ज्याचा दिवा विझेल, त्याने हवे तर मधला दिवा उचलून खेळात राहावे, ही सोय एकाच खेळाडूला, एकदाच. दुसरी संधी देणारा असा नियम अनेक खेळांत असतो.

या नव्या नियमाच्या पहिल्या चाचणीत आधी बाबांच्या फाशावर एक पडला.

"घ्या ना काका, अब तो नियमच आहे," मैत्रीण म्हणाली.

"राहू दे. माहा नाई तो." बाबांनी आपले बटण पालथे केले आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.

पुढच्याच फेरीत मैत्रिणीचा दिवा गेला. "मी तं घेऊन राह्यली बाप्पा! फुकटचा दिवा कोण सोडते?"

"घे वं, घे," आत्या म्हणाली. "तुले तं पंगतीतही शेजारच्याच पत्रावळीतला लाडू लागते."

आम्ही हसलो, खेळ पुढे चालला आणि तासाभराने संपला. स्कूटीला चावी लावताना मैत्रीण म्हणाली, "मजा आली यार. पण नंतर मले कोणी काही विचारलंच नाई."

मी हे तक्रारीच्या रकान्यात लिहिले आणि संध्याकाळी चाचणीचे ध्वनिमुद्रण ऐकले. तिने दिवा उचलल्यानंतर अकरा फेऱ्या झाल्या होत्या. नियमाने आत्याने तिला विचारायचे आणि तिने मला. प्रत्यक्षात आत्या अकराही वेळा थेट मलाच विचारत होती, आणि मी, जिने तो नियम लिहिला, निमूट उत्तरे देत होते. मुद्रणात मैत्रिणीचा आवाज तीनदा येतो. एकदा ती चक्क म्हणते, "अरे, मी आहो ना!" त्यावर आमच्यापैकी कोणीही थांबलेले नाही. हे वाक्य तिथे बसून ऐकल्याचे मला आजही आठवत नाही.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, एवढे शिक्षण मला आहे. मी नियमावली एकामागून एक तीन अनोळखी गटांना पाठवली. त्यांना माझे घर माहीत नव्हते, बाबांची नोकरी माहीत नव्हती. छापील कागद वाचून खेळायचे आणि अहवाल पाठवायचा. नागपूरच्या गटाने लिहिले : 'राखीव दिवा घेणाऱ्या खेळाडूला पुढे काही कामच उरत नाही, हा दोष दुरुस्त करावा.' नियमावलीत तसे काहीही नव्हते. मी प्रश्नांची दिशा दाखवणारे बाण छापले, प्रत्येकापुढे पात्राच्या नावाची पाटी ठेवायला सांगितले आणि 'पाहुणा' हा शब्दच काढून टाकला. दुसऱ्या गटात कोणाचाही दिवा विझला नाही आणि काही विचित्र घडलेही नाही. तिसरा अहवाल जबलपूरहून आला, हिंदीत, नीटनेटक्या अक्षरात. खेळाडूंची संख्या : तीन. त्याखाली वेगळ्या शाईने आणि वेगळ्या हाताने लिहिले होते, 'मैं भी था.'

मी हे सगळे संपादकबाईंना कळवले. त्यांचा लगेच फोन आला. इतक्या उत्साहाने त्या माझ्याशी पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या.

"अहो, तुमच्या हातात काय लागलंय ते कळतंय का तुम्हाला? बाकीचा खेळ चांगला आहे, पण चांगले खेळ पुष्कळ असतात. हा नियम म्हणजेच तुमचं पुस्तक. त्याला अजिबात हात लावू नका. महिनाअखेरीस अंतिम प्रत द्या."

"कारण अजून सापडलेलं नाही," मी म्हणाले.

"कारण कशाला हवंय? परिणाम आहे ना!"

मला तो युक्तिवाद आवडला नाही, पण पुस्तक आवडत होते. म्हणून मी शेवटची चाचणी लावली.

चैत्र संपत आलेला होता. दुपारी अडीचचे ऊन खिडकीतून थेट टेबलावर पडले होते; त्या खोलीत न दिसण्यासारखे काहीही नव्हते. तिसऱ्या फेरीत बाबांच्या फाशावर एक पडला. त्यांनी फाशाकडे पाहिले, मग मधल्या बटणाकडे, आणि ते उचलले.

"बाबा?"

"पाहू तं," ते म्हणाले.

त्यानंतर माझी खेळी आली. मी डावीकडे वळले. तिथे भिंत दिसली, भिंतीवरचे कॅलेंडर दिसले, आणि मी आत्याला प्रश्न विचारला. आत्याने उत्तर दिले. पुन्हा माझी खेळी आली. मी पुन्हा आत्याला विचारले. खेळ उत्तम चालला होता, इतका की मी मनातल्या मनात प्रस्तावना लिहू लागले होते. चौथ्या वेळी प्रश्नाची नोंद करताना मला वहीत चार रकाने दिसले. एक रकाना रिकामा होता. तो कोणाचा, हे आठवायला मला वेळ लागला. किती, ते सांगता येणार नाही.

मी वळून त्या खुर्चीकडे पाहिले. खरे म्हणजे पाहावे लागले. नजर सारखी घसरून कॅलेंडरवर जात होती. बाबा तिथेच बसले होते. त्यांची मूठ मिटलेली होती आणि ओठ हलत होते.

"बाबा," मी मोठ्याने विचारले, "तुमाले काय दिसून राह्यलं?"

"दिवे," बाबा म्हणाले. "तुमचे. लय दूर. मी आवाज देऊन राह्यलो, पण कोणी वळून पाहत नाई. अन् मांगं एक जण आहे. तो म्हणते, होते सवय."

"मी चाय ठेवते," म्हणत आत्या उठली. तिने बाबांचे बोलणे ऐकले होते असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले नाही. थोड्या वेळाने ती ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये तीन कप होते.

"आत्या, आपण किती जण आहो?"

"मंग? तीन तं आणले." तिने आम्हा दोघींकडे बोट केले, मग स्वतःकडे. मैत्रिणीने मान डोलावली.

मी खेळ थांबवला. बाबांची मूठ उघडायला मला त्यांची बोटे एकेक करून सोडवावी लागली. बटण माझ्या हातात आले, तशी आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, दादाचा कप राह्यलाच!" आणि धावत आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा व्हरांड्यात बसले होते. मी बाजूने जाताना त्यांनी आपणहून विचारले, "काल मले दोनदा काहून विचारलं? पयल्यांदाच सांगितलं होतं ना मी."

"मी एकदाच विचारलं, बाबा."

"नाई. त्याच्या आधीही विचारलं. हेच, काय दिसते म्हणून." त्यांनी बोटांवर दोन मोजले. "मंग पयल्यांदा कोणी विचारलं?"

ते उत्तराची वाट पाहत होते. ज्या माणसाला मी वर्षानुवर्षे बोलते करू पाहत होते, त्याला माझ्या आधी कोणीतरी विचारले होते, आणि त्याने उत्तरही दिले होते.

त्या दिवशी महाविद्यालयात जाऊन मी संभाव्य कारणे लिहून काढली. अवधानाची मर्यादा. खेळातून गेलेल्याला सोडून पुढे जायची हाताला लागलेली सवय. म्हाताऱ्या माणसाच्या स्मृतीतला गोंधळ. प्रत्येक कारण पटण्यासारखे आहे आणि प्रत्येक तपासता येण्यासारखे. त्यासाठी ते बटण पुन्हा कोणालातरी उचलावे लागेल. आणि पुस्तक छापले, तर शेकडो घरांत कोणीतरी ते उचलेल, आणि त्या टेबलावर रकाने मोजणारे कोणी असेलच असे नाही.

मी अंतिम प्रत पाठवली. त्यात नववे पान पूर्वीसारखे केले होते : मधला दिवा कोणीही उचलू नये. एवढेच. नियम पुन्हा काहीच करत नव्हता.

"मग हा मला हवा असलेला खेळ नाही," संपादकबाई फोनवर म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. "पुन्हा एकदा विचार करा. अशी संधी लवकर येत नाही."

"मला कल्पना आहे," मी म्हणाले, आणि ते खरे होते. फोन ठेवल्यावर मला अगदी लाज वाटेल इतके वाईट वाटत होते.

रविवारी चौघे पुन्हा बसलो. पहिली खेळी माझी होती. मी डावीकडे वळले, बाबांच्या डोळ्यांत पाहिले आणि विचारले, "खालून वर याले तुमाले किती वेळ लागला?"

"तसा लयच लागला," बाबा म्हणाले, आणि सांगू लागले.